अँपार्फे द्यु स्युब्जोंक्तीफ: तृतीय पुरुषी एकवचनात पुन्हापुन्हा होणारी चूक आणि तिचे निवारण

फ्रेंचच्या वरच्या पातळीवर पोहोचलेल्या विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना एक चूक इतक्या नियमाने समोर येते की ती निष्काळजीपणातून होते असे मानणे अन्यायाचे ठरेल. अँपार्फे द्यु स्युब्जोंक्तीफ, म्हणजे स्युब्जोंक्तीफ या (इच्छा, शंका वगैरे दाखवणाऱ्या) अर्थाचे भूतकाळी रूप, विद्यार्थ्याने पाठ केलेले असते आणि सहाही रूपे तोंडी विचारली तर तो बिनचूक सांगतो. तरीही वाक्य लिहायची वेळ आली की तृतीय पुरुषी एकवचनात घोटाळा होतोच. जिथे सर्कमफ्लेक्स (स्वरावर दिले जाणारे टोपीच्या आकाराचे चिन्ह) हवा तिथे तो नसतो, जिथे नको तिथे येऊन बसतो, आणि एकदा दुरुस्त करून दिल्यावर थोड्याच दिवसांत तीच चूक पुन्हा दिसते. तक्ता आणखी दहा वेळा लिहून काढणे हा यावरचा नेहमीचा उपाय आहे, पण त्याने फारसा फरक पडत नाही, कारण चुकीचे मूळ तक्त्याच्या पाठांतरात नाही.

पुढील विवेचनात फ्रेंच रूपे उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. जिथे लेखनातले अक्षर महत्त्वाचे आहे तिथे ते अक्षर त्याच्या रोजच्या इंग्रजी नावाने, म्हणजे एस, टी, आय, यू असे सांगितले आहे. सर्कमफ्लेक्सला वर्गात सर्रास टोपी म्हणतात, तोच शब्द येथेही वापरतो.

रूप तयार कसे होते

या काळाची सर्व रूपे पासे सँप्लमधल्या (लिखित फ्रेंचमधल्या साध्या भूतकाळातल्या) द्वितीय पुरुषी एकवचनावरून, म्हणजे त्यु-रूपावरून बनतात, आणि या नियमाला उल्लेख करण्याजोगा अपवाद नाही. ‘पार्ले’ (बोलणे) या क्रियापदाचे त्यु-रूप लिहिताना शेवटी ए आणि एस येतात, उच्चार मात्र ‘पार्ला’ एवढाच. त्या एसच्या पुढे प्रत्यय जोडले की जं पार्लास, त्यु पार्लास, नू पार्लासियों, व्हू पार्लासिये, इल (अनेकवचन) पार्लास ही पाच रूपे मिळतात आणि या पाचही रूपांत लेखनात दोन एस असतात. सहावे रूप, तृतीय पुरुषी एकवचनाचे, वेगळ्या वाटेने जाते. त्यात एस गळून पडतो, आधीच्या स्वरावर टोपी येते आणि शेवटी टी लागतो, जो उच्चारला जात नाही. त्यामुळे ऐकायला ते पुन्हा ‘पार्ला’ असेच राहते.

हा गळलेला एस समजून घेतला तर टोपी लक्षात ठेवण्याचे ओझे निम्म्याने कमी होते. हा काळ लॅटिनमधल्या पूर्णभूतकाळी स्युब्जोंक्तीफपासून आला आहे. ‘गाणे’ या अर्थाच्या क्रियापदाचे लॅटिन तृतीय पुरुषी रूप ‘कान्ताविस्सेत्’ होते, बोलण्यात आखडून ते ‘कान्तास्सेत्’ झाले आणि जुन्या फ्रेंचमध्ये त्याच्या शेवटी एस-टी अशी जोडी उरली. पुढे एसचा उच्चार गेला, पण लेखनात तो बराच काळ टिकून राहिला. 1740 साली फ्रेंच अकादमीच्या शब्दकोशाची तिसरी आवृत्ती निघाली, तेव्हा असे कित्येक मूक एस लेखनातून काढून टाकण्यात आले आणि पुष्कळ ठिकाणी त्यांच्या जागी टोपी आली. म्हणून त्याआधीच्या छापील पुस्तकांत ‘एत्र’ (असणे) या क्रियापदाचे हे रूप एफ-यू-एस-टी असे दिसते आणि नंतरच्या पुस्तकांत एसऐवजी यूवर टोपी दिसते. याउलट पासे सँप्लच्या तृतीय पुरुषी एकवचनात बहुतेक क्रियापदांना मुळातच एस नव्हता, तेव्हा तिथे टोपी येण्याचे कारणच नाही. टोपी ही गेलेल्या एसची खूण आहे एवढे मनात पक्के बसले की ती शोभेसाठी बसवलेली वाटत नाही.

कान साथ देत नाही

चुकीचे खरे मूळ येथे आहे. पासे सँप्लमधले ‘इल पार्ला’ आणि स्युब्जोंक्तीफमधले ‘किल पार्ला’, पहिल्यातले ‘इल फ्यु’ आणि दुसऱ्यातले ‘किल फ्यु’, तसेच ‘इल फिनी’ आणि ‘किल फिनी’ यांच्या क्रियापदाच्या उच्चारात आजच्या प्रमाण फ्रेंचमध्ये काहीही फरक नाही. आपण मराठी भाषक लेखनाचा आधार उच्चारात शोधतो, कारण आपली लिपी आपल्याला बहुतेक वेळा तशी मुभा देते. श्रुतलेखनात ‘फ्यु’ ऐकू आले की हात आपोआप जवळचे, सवयीचे रूप लिहून मोकळा होतो. पहिल्या गटातल्या, म्हणजे ई-आरने संपणाऱ्या क्रियापदांत निदान शेवटच्या टीमुळे दोन्ही रूपे कागदावर ठळकपणे वेगळी दिसतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात मात्र पासे सँप्लच्या शेवटीही टी असतो, त्यामुळे दोहोंत फरक राहतो तो केवळ टोपीचा. ‘फ्यु’, ‘यु’ (आव्वार, म्हणजे जवळ असणे), ‘फी’ (फेर, म्हणजे करणे), ‘स्यु’ (साव्वार, म्हणजे ठाऊक असणे) आणि ‘व्हँ’ (व्हनीर, म्हणजे येणे) ही सारी रूपे याच सापळ्यातली आहेत, आणि दुर्दैवाने हीच सर्वांत जास्त वापरातली क्रियापदे आहेत.

कान साथ देत नसेल तर त्याला साथ द्यायला लावावे, आणि त्यासाठी वाक्यातला कर्ता मनातल्या मनात अनेकवचनी करावा. पासे सँप्लचे तृतीय पुरुषी अनेकवचन उच्चारात ‘र’वर संपते आणि अँपार्फे द्यु स्युब्जोंक्तीफचे अनेकवचन ‘स’वर संपते. ‘पार्लेर’ आणि ‘पार्लास’, ‘फ्युर’ आणि ‘फ्युस’, ‘फिनीर’ आणि ‘फिनीस’, ‘व्हँर’ आणि ‘व्हँस’ या जोड्या ऐकताना कोणाचाही गोंधळ होत नाही. अनेकवचनात ‘र’ येत असेल तर एकवचनावर टोपी नाही, ‘स’ येत असेल तर टोपी हवीच. माझ्या मते या एकाच कसोटीवर विद्यार्थ्याने पहिला आठवडा घालवावा आणि तोवर तक्ता बाजूला ठेवावा.

कधीकधी अनेकवचनात नेमके काय यावे हेच ठरत नाही. तेव्हा वाक्य वर्तमानकाळात आणून पाहावे, कारण वर्तमानकाळात एत्र आणि आव्वार या क्रियापदांचे निश्चयार्थी आणि स्युब्जोंक्तीफ असे दोन अवतार ऐकायला पूर्णपणे वेगळे आहेत. ‘ब्यँ किल फ्यु मालाद’ (तो आजारी असला तरी) हे वर्तमानात नेले तर ‘ब्यँ किल स्वा मालाद’ होते. येथे ‘ए’ येऊच शकत नाही हे फ्रेंचची दोन-तीन वर्षे झालेल्या कोणालाही कळते, तेव्हा ‘फ्यु’वर टोपी द्यावी. ‘काँ इल फ्यु मालाद’ (तो आजारी पडला तेव्हा) हे वर्तमानात नेले तर ‘काँ इल ए मालाद’ होते, तेव्हा तिथे टोपी नाही. दुसऱ्या गटातल्या क्रियापदांनाही ही कसोटी चालते, कारण वर्तमानात ‘फिनी’ आणि ‘फिनीस’ हे कानाला वेगळे लागतात.

टोपी कुठे बसते याचा आणखी एक मेळ पाहण्यासारखा आहे. पासे सँप्लमध्येही टोपी असते, पण ती नू (आम्ही) आणि व्हू (तुम्ही) या दोनच पुरुषांत, जसे ‘नू पार्लाम’ आणि ‘व्हू पार्लात’. अँपार्फे द्यु स्युब्जोंक्तीफमध्ये ती फक्त तृतीय पुरुषी एकवचनात असते. म्हणजे एका काळात जिथे टोपी आहे तिथे दुसऱ्यात ती सहसा नसते. नू आणि व्हूच्या स्युब्जोंक्तीफ रूपांवर टोपी दिलेली दिसली तर हाच मेळ चुकलेला असतो. या रूपांत दोन एस धडधडीत हजर आहेत, तेव्हा गेलेल्या एसची खूण ठेवण्याचे कारण नाही.

अंग चुकीचे निवडले जाते तेव्हा

दुसऱ्या प्रकारची चूक टोपीच्या आधीच घडलेली असते. विद्यार्थी ‘व्हनीर’वरून ‘व्हनीस’, ‘प्राँद्र’ (घेणे) वरून ‘प्रनास’ आणि ‘व्हाँद्र’ (विकणे) वरून ‘व्हाँद्युस’ अशी रूपे बनवतो, आणि ती ऐकायला इतकी फ्रेंच वाटतात की शंकाही येत नाही. येथे पासे सँप्लचे त्यु-रूप न आठवता क्रियापदाचे मूळ रूप, वर्तमानकाळ किंवा भूतकालवाचक धातुसाधित यांपैकी कशाचा तरी आधार घेतलेला असतो. बरोबर रूपे ‘व्हँस’, ‘प्रीस’ आणि ‘व्हाँदीस’ ही आहेत.

पासे सँप्लचे स्वर चारच आहेत: आ, ई, यु आणि नासिक्य अँ. ई-आरने संपणारी सगळी क्रियापदे, अगदी ‘आले’ (जाणे) आणि ‘आँव्वाये’ (पाठवणे) यांसारखी इतरत्र विक्षिप्त वागणारीसुद्धा, येथे निमूटपणे आ घेतात. त्यातल्या ‘माँजे’ (खाणे) सारख्या क्रियापदांत जीनंतर ई हे अक्षर ठेवावे लागते आणि ‘कोमाँसे’ (सुरू करणे) सारख्यांत सीखाली सेदिय (शेपटीसारखे चिन्ह) द्यावा लागतो, नाहीतर पुढच्या आमुळे उच्चार बिघडतो. नासिक्य स्वर केवळ ‘व्हनीर’, ‘तनीर’ (धरणे) आणि त्यांच्यापासून बनलेल्या क्रियापदांत येतो आणि तिथे टोपी एनच्या आधीच्या आयवर बसते. खरा त्रास ई आणि यु यांच्यात आहे.

धातुसाधितावरून अंदाज बांधण्याची सवय येथे विशेष नडते. ‘व्हाँद्र’, ‘पेर्द्र’ (हरवणे), ‘आताँद्र’ (वाट पाहणे), ‘रेपोंद्र’ (उत्तर देणे) आणि ‘बात्र’ (मारणे) यांची धातुसाधिते युवर संपतात, पण पासे सँप्लमध्ये या सर्वांना ई येते. ‘व्वार’ (पाहणे) चे धातुसाधित ‘व्ह्यु’ आहे, त्याचे पासे सँप्ल ‘व्ही’ आणि म्हणून आपले रूप ‘व्हीस’. उलट ‘मूरीर’ (मरणे) चे धातुसाधित ‘मोर’ असले तरी पासे सँप्ल ‘मूर्यु’ आणि रूप ‘मूर्युस’ आहे. ‘व्हीस’ पाहून अनेकांना ‘व्हीव्र’ (जगणे) आठवते, कारण त्याच्या वर्तमानकाळात ‘जं व्ही’ येते. परंतु त्याचे पासे सँप्ल ‘व्हेक्यु’ आहे, तेव्हा ते ‘व्हेक्युस’ होते. ‘फीस’ फेरचे आणि ‘फ्युस’ एत्रचे, ही अदलाबदलही रोजची आहे. ‘नेत्र’ (जन्मणे) चे ‘नाकीस’, ‘एक्रीर’ (लिहिणे) चे ‘एक्रीव्हीस’, ‘कोंद्वीर’ (चालवणे) चे ‘कोंद्वीझीस’ आणि ‘क्रँद्र’ (भिणे) चे ‘क्रेन्यीस’ ही रूपे एकदा वेगळी लिहून ठेवावीत. ‘प्रेव्वार’ (आधीच ओळखणे) व्वारप्रमाणे ई घेते, पण ‘पूर्व्वार’ (पुरवणे) मात्र यु घेते, हा फरक फसवणारा आहे.

‘त्रेर’ (दूध काढणे) या क्रियापदाला पासे सँप्लच नाही, आणि पायाच नसल्यामुळे अँपार्फे द्यु स्युब्जोंक्तीफही नाही. कोशात हे रूप सापडत नसेल तर शोध तिथेच थांबवावा. ‘आईर’ (द्वेष करणे) मध्ये आयवर आधीच दोन टिंबे असतात, ती तशीच राहतात आणि टोपी येत नाही. म्हणून त्याचे पासे सँप्ल आणि स्युब्जोंक्तीफ तृतीय पुरुषी एकवचनात लेखनातही एकसारखेच दिसतात.

जागा चुकते तेव्हा

रूप बरोबर, टोपीही बरोबर, पण वाक्यात ते रूप यायलाच नको होते किंवा यायला हवे होते तिथे आले नाही, ही तिसरी चूक. तिच्यामागे आपल्या मातृभाषेची सवय असते. ‘त्याने यावे असे मला वाटते’ आणि ‘त्याने यावे असे मला वाटत होते’ या दोन वाक्यांत मुख्य क्रियापदाचा काळ बदलला तरी ‘यावे’ हे विध्यर्थी रूप जागचे हलत नाही. शिष्ट, लिखित फ्रेंचमध्ये ते हलते. पहिल्या वाक्यात ‘व्हिएन’ आणि दुसऱ्यात ‘व्हँ’ येते. आजच्या बोलीत दोन्हीकडे ‘व्हिएन’च म्हणतात, तेव्हा बोललेले फ्रेंच या बाबतीत मराठीसारखेच वागते आणि काळ बदलण्याची आठवण आपल्याला कोणीच करून देत नाही. म्हणून लिहिताना आधी मुख्य वाक्यातले क्रियापद अधोरेखित करावे. ते भूतकाळात किंवा कोंदिस्योनेलमध्ये (संकेतार्थात) असेल तरच या रूपाचा विचार सुरू होतो.

एक वाक्य जवळून पाहू. ‘ते निघण्यापूर्वी त्याने काम संपवावे अशी तिची इच्छा होती’ हे अभिजात शैलीत ‘एल व्हूले किल फिनी सों त्राव्हाय आव्हाँ किल न पार्तीस’ असे होईल. मुख्य क्रियापद ‘व्हूले’ भूतकाळात आहे. इच्छा दाखवणाऱ्या क्रियापदानंतर स्युब्जोंक्तीफ हवा, तेव्हा ‘फिनीर’चे त्यु-रूप आठवायचे, त्याचा एस काढायचा, आयवर टोपी द्यायची आणि टी लावायचा. खात्रीसाठी अनेकवचन करून पाहिले की ‘फिनीस’ ऐकू येते, ‘फिनीर’ नाही. ‘आव्हाँ क’ (‘-पूर्वी’) नंतरही स्युब्जोंक्तीफच हवा आणि तिथे कर्ता अनेकवचनी आहे, म्हणून ‘पार्तीस’मध्ये दोन एस, मग ई-एन-टी, आणि टोपी नाही. येथे ‘फिनीर’ या क्रियापदाचे एक वैशिष्ट्यही दिसते. त्याचा वर्तमानकाळी स्युब्जोंक्तीफ आणि हा काळ इतर पाच पुरुषांत अक्षरशः एकच आहेत. वेगळेपणा दिसतो तो फक्त या तृतीय पुरुषी एकवचनात, म्हणून दुसऱ्या गटातल्या क्रियापदांचा सराव याच पुरुषात करावा.

‘आव्हाँ क’ची सवय ‘आप्रे क’ (‘-नंतर’) कडे नेऊ नये. ‘आप्रे क’नंतर निश्चयार्थी रूप येते, कारण ती गोष्ट घडून गेलेली असते, त्यामुळे ‘आप्रे किल फ्यु पार्ती’ (तो निघून गेल्यानंतर) मध्ये टोपी नाही. ही चूक फ्रेंच मातृभाषा असणाऱ्यांच्या लेखनातही वारंवार आढळते, आणि तिथे वर्तमानात नेऊन पाहण्याची कसोटीसुद्धा फसू शकते, कारण अनेक फ्रेंच भाषक बोलताना ‘आप्रे किल स्वा’ असेच म्हणतात. हा एक प्रयोग पाठच करून ठेवावा.

‘यु’ टोपीसह दिसला आणि त्याआधी ‘क’ (‘की’ या अर्थाचा शब्द) नसेल, तर गोंधळून जाऊ नये. ‘इल यु म्यो व्हाल्यु’ म्हणजे ‘तसे केले असते तर बरे झाले असते’. येथे स्युब्जोंक्तीफचे रूप कोंदिस्योनेल पासेच्या जागी आले आहे. त्या जागी ‘ओरे’ (आव्वारचे कोंदिस्योनेल रूप) ठेवून वाक्य बसत असेल तर टोपी बरोबर आहे.

नव्या शुद्धलेखनाचा गैरसमज

1990 च्या शुद्धलेखन सुधारणांनी आय आणि यूवरची टोपी ऐच्छिक केली, हे बऱ्याच विद्यार्थ्यांनी ऐकलेले असते आणि त्यावरून ते या काळातली टोपीही सोडून देतात. त्याच वर्षी 6 डिसेंबरला अधिकृत राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात हा अपवाद स्पष्टपणे नोंदवलेला आहे: पासे सँप्लची नू आणि व्हू रूपे आणि स्युब्जोंक्तीफचे हे तृतीय पुरुषी एकवचन यांवरची टोपी कायम राहते. जिथे दोन व्याकरणिक रूपांचा फरक केवळ या चिन्हावर टिकून आहे तिथे ते काढणे शक्यच नव्हते, आणि तो निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो.

हे रूप लिहावे की नाही याबाबत मात्र खरोखर सवलत आहे. 26 फेब्रुवारी 1901 च्या शासकीय आदेशाने मुख्य क्रियापद कोंदिस्योनेलमध्ये असताना गौण वाक्यात वर्तमानकाळी स्युब्जोंक्तीफ चालेल असे मान्य केले, आणि 28 डिसेंबर 1976 च्या आदेशाने ही सवलत भूतकाळी मुख्य क्रियापदांनाही दिली. म्हणून परीक्षेत मुद्दाम विचारले नसेल तर ‘जं व्हूले किल व्हिएन’ (त्याने यावे असे मला वाटत होते) लिहिण्यात चूक काहीच नाही. माझा सल्ला असा की वाचताना सहाही रूपे ओळखता यायला हवीत, पण स्वतःच्या लेखनात तृतीय पुरुषापुरतेच थांबावे. ‘-आसियों’ आणि ‘-आसिये’ ही रूपे फ्रेंच कानाला आज जड वाटतात, ‘फ्यु’, ‘यु’, ‘फी’, ‘व्हँ’ ही मात्र गंभीर गद्यात सहज खपून जातात. ‘फ्युस’ (यूवर टोपी, टी, मग जोडरेघ आणि ‘स’), म्हणजे ‘निदान एवढे तरी’ किंवा ‘जरी ते असले तरी’, हा ठोकळेबाज प्रयोग वर्तमानपत्रांतही येतो.

टंकलेखनात टोपी गळणे हेही या चुकीचे एक साधे कारण असते. विंडोजवर युनायटेड स्टेट्स इंटरनॅशनल हा कळफलक निवडला तर शिफ्ट आणि 6 दाबून मग स्वर दाबावा. कळफलक बदलायचा नसेल तर ऑल्ट धरून उजवीकडच्या अंकपट्टीवर 131 दाबले की टोपीचा ए, 140 ने टोपीचा आय आणि 150 ने टोपीचा यू उमटतो. मॅकवर ऑप्शन आणि आय दाबून नंतर स्वर दाबावा, आणि मोबाइलवर स्वराची कळ दाबून धरली की पर्याय दिसतात. शीर्षक मोठ्या अक्षरांत लिहितानाही टोपी द्यावी, कारण फ्रेंच अकादमीच्या मते मोठ्या अक्षरांवरच्या चिन्हांनाही शुद्धलेखनात पूर्ण मोल आहे. लिहिलेले यंत्राकडून तपासून घेताना हेही ध्यानात ठेवावे की दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात टोपी असलेले आणि नसलेले अशी दोन्ही रूपे कोशात खरे शब्द म्हणून आहेत, त्यामुळे साधा शुद्धलेखन तपासनीस दोहोंपैकी कशाखालीही लाल रेघ ओढणार नाही. तिथे अनेकवचनाची कसोटी स्वतःच लावून पाहावी लागते.